घरातली शुगर आणि दूरचा डॉक्टर

मधुमेहाचा उपचार मुख्यतः घरीच होतो. रुग्ण वर्षातून तीन-चार वेळा डॉक्टरांकडे जातो, तेही दहा-पंधरा मिनिटांसाठी. उरलेले सगळे दिवस ताटात काय वाढायचे, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, इन्सुलिनची किती युनिटे टोचायची, पायाला आलेल्या फोडाकडे लक्ष द्यायचे की तो आपोआप बरा होईल म्हणून सोडून द्यायचे, हे निर्णय तो स्वतः किंवा त्याच्या घरची माणसे घेत असतात. अपेंडिक्सचे दुखणे शल्यविशारदाच्या हातात असते. मधुमेहाचे तसे नाही. घरातल्या या निर्णयांपर्यंत डॉक्टरचा सल्ला फोन, व्हिडिओ, संदेश किंवा सेन्सर यांच्या मदतीने वेळेवर पोचवता येईल का, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे पद्धतशीर तपासला जात आहे. त्याचे उत्तर बऱ्यापैकी हाती आले आहे. मात्र ते उपकरणे विकणाऱ्यांना आवडेल असे नाही.

भारतात हा प्रश्न केवढा मोठा आहे ते आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने दाखवले. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने झालेली ही पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २० वर्षांवरील १,१३,०४३ व्यक्तींचा समावेश होता. प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज तिने बांधला; आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा होते, २६.४ टक्के. एवढ्या रुग्णांना पुरतील इतके मधुमेहतज्ज्ञ देशात नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आतल्या गावातल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन, रक्त देऊन, रिपोर्ट घेऊन परत यायचे तर दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो जातच नाही, आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवाल्याकडून त्याच गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहतो.

टेलिमेडिसिन या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी मोडतात: साधा फोन, व्हिडिओवरून होणारी तपासणी, मोबाइलवर येणारे आठवणीचे संदेश, ब्लूटूथने आकडा आपोआप पुढे पाठवणारा ग्लुकोमीटर, दंडावर लावायचा सेन्सर, आहार-व्यायामाची नोंद ठेवणारे ॲप, किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यामार्फत दूरच्या डॉक्टरशी बोलणे. यांतली काही साधने रुग्णाकडून फक्त माहिती नेतात, काही फक्त सल्ला आणतात, थोडी दोन्ही करतात. पुढच्या सगळ्या चर्चेत हाच फरक निर्णायक ठरतो.

घरी रक्तशर्करा मोजणे ही कल्पनाच तशी नवी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एम्स कंपनीने बाजारात आणलेला रिफ्लेक्टन्स मीटर हा डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी होता. वजनाने जड आणि किमतीने महाग. दशक सरता सरता रुग्ण स्वतः घरी बोट टोचून शुगर पाहू लागले आणि त्यासोबत एक नवी अडचण उभी राहिली. आकडे वहीत साचू लागले, पण ती वही डॉक्टरांपुढे उघडली जाईपर्यंत तीन महिने उलटलेले असत. तोवर त्या आकड्यांचा उपयोग संपलेला. टेलिमेडिसिनचा पहिला हेतू हे तीन महिन्यांचे अंतर मिटवणे हाच होता.

या विषयातल्या बहुतेक चाचण्यांचा निकाल एचबीए१सी या तपासणीवर मोजला जातो. ती मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एचबीए१सी एका टक्क्याने कमी असलेल्यांत डोळे आणि मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा अर्ध्या टक्क्याची घटसुद्धा क्षुल्लक मानता येत नाही. पाव टक्क्याची घट मिळवण्यासाठी किती पैसा ओतायचा, हा मात्र वादाचा विषय आहे, आणि तो पहिल्याच मोठ्या प्रयोगापासून सुरू झाला.

तो प्रयोग न्यूयॉर्क राज्यात २००० साली आयडियाटेल या नावाने हाती घेतला गेला. मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतल्या १,६६५ वृद्ध आणि वैद्यकीय सेवा अपुरी असलेल्या भागांत राहणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरी कॅमेरा, ग्लुकोमीटर आणि रक्तदाबमापक जोडलेले यंत्र बसवले गेले. पलीकडे प्रशिक्षित परिचारिका बोलत. पाच वर्षांनी दोन गटांतल्या एचबीए१सीमधला फरक ०.२९ टक्के निघाला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही थोडे सुधारले. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि खर्च माणशी वर्षाला आठ हजार डॉलरांहून अधिक झाला. अमेरिकेतल्याच माजी सैनिकांच्या आरोग्य विभागाने २००३ पासून याच कामासाठी बटणे दाबून रोजच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे साधे यंत्र वापरले आणि खर्च माणशी सोळाशे डॉलरांवर ठेवला. १७,०२५ रुग्णांच्या नोंदींत रुग्णालयातले मुक्कामाचे दिवस २५ टक्क्यांनी आणि भरती होण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. हे आकडे आजही जाहिरातींत फिरतात. ते त्याच रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना करतात, शेजारी तुलनेचा गट नव्हता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. आजारपणाच्या भरात योजनेत आलेला माणूस काही काळाने थोडा सावरतोच.

इंग्लंडने ती कसर भरून काढली. कॉर्नवॉल, केंट आणि न्यूअॅम या तीन भागांतल्या मधुमेह, हृदयविकार किंवा श्वसनविकार असलेल्या ३,२३० रुग्णांवर झालेल्या ‘होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर’ चाचणीत दवाखाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले होते. घरी यंत्र असलेल्या गटातले ४२.९ टक्के, तर दुसऱ्या गटातले ४८.२ टक्के लोक वर्षभरात रुग्णालयात भरती झाले. फायदा दिसला, पण पुढे खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळवायला सुमारे ९२ हजार पौंड पडत असल्याचे निघाले. ब्रिटिश सरकारी सेवेत त्या काळी वीस-तीस हजार पौंडांपर्यंतचाच खर्च साधारणपणे परवडणारा मानत.

छोट्या-मोठ्या चाचण्या एकत्र केल्या तर चित्र अधिक स्पष्ट होते. कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या एका आढाव्यात १११ चाचण्या जमेस धरल्या होत्या. पहिल्या तीन महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.५७ टक्क्यांनी घटला, चार ते बारा महिन्यांच्या चाचण्यांत ०.२८ टक्के, आणि वर्षापलीकडे ०.२६ टक्के. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर निम्मा परिणाम ओसरतो, निम्मा टिकतो. मग टिकतो तो कशामुळे?

याचे उत्तर दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की मिळते. नॉर्थ कॅरोलायनातल्या १५ दवाखान्यांमधल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० रुग्णांचे तीन गट केले गेले. एक गट घरी शुगर तपासत नव्हता, दुसरा रोज एकदा तपासत होता, तिसऱ्याला तपासल्यावर मीटरवरच आकड्यानुसार समजुतीचा किंवा शाबासकीचा संदेश येत होता. वर्षअखेर तिन्ही गटांचा एचबीए१सी जवळपास सारखा. २०१७ मधला हा निकाल अनेकांना रुचला नाही, पण त्याचे कारण साधे आहे: आकडा दिसला, संदेश आला, औषध मात्र तेच राहिले. दुसरी चाचणी माजी सैनिकांच्याच रुग्णालयांतली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यातले २०० रुग्ण दीर्घकाळ बिघडलेल्या मधुमेहाचे होते; सरासरी एचबीए१सी १०.२. दोन्ही गटांच्या घरून शुगरचे आकडे रोज जात होते. एका गटासाठी परिचारिका त्यांवर लक्ष ठेवून गरजेप्रमाणे डॉक्टरांना कळवत होती. दुसऱ्या गटाला त्याखेरीज ठरावीक अंतराने फोन येत, औषधांचे डोस फोनवरच बदलले जात, आहाराचा सल्ला मिळे, नैराश्य असेल तर त्याचीही दखल घेतली जाई. पहिल्या गटाचा एचबीए१सी ०.९८ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्याचा १.५९ टक्क्यांनी. यंत्र दोघांकडे सारखेच होते. फरक पडला तो पलीकडे बसलेल्या, डोस बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसामुळे.

आणखी एक गोष्ट यंत्रवाद्यांना अडचणीची आहे. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्स भागात ९४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधन होते साधा टेलिफोन. आरोग्य शिक्षक इंग्रजीतून किंवा स्पॅनिशमधून, रुग्णाला समजेल त्या भाषेत, वर्षभर बोलत राहिले. एचबीए१सी ०.९ टक्क्यांनी उतरला. फक्त छापील माहिती मिळालेल्या गटात ०.५ टक्क्यांनी. घरात ना कॅमेरा होता, ना सेन्सर.

भारतातले अनुभवही याच दिशेने बोट दाखवतात. तमिळनाडूतल्या चुनमपेट परिसरातल्या ४२ खेड्यांत चेन्नईच्या मधुमेहतज्ज्ञांनी इस्रोच्या उपग्रहाशी जोडलेली फिरती गाडी नेली. २३,४४९ प्रौढांची, म्हणजे तिथल्या प्रौढ लोकसंख्येच्या ८६.५ टक्के लोकांची तपासणी झाली, डोळ्यांच्या पडद्याची छायाचित्रे गाडीतून चेन्नईला गेली, आणि गावाजवळच एक छोटे केंद्र उघडून उपचार चालू ठेवले गेले. वर्षभरात रुग्णांचा सरासरी एचबीए१सी ९.३ वरून ८.५ वर आला, आणि पुढच्या उपचारासाठी चेन्नईला पाठवावे लागले ते पाच टक्क्यांहून कमी लोकांना. यातही तुलनेचा गट नव्हता. तरी गाडी निघून गेल्यावर मागे केंद्र उरले, हे या प्रयोगाचे खरे बळ. याउलट हरियाणा आणि कर्नाटक यांतल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत एमवेलकेअर नावाची टॅब्लेटवरची प्रणाली परिचारिकांच्या हाती देऊन पाहिली गेली. रुग्णाची माहिती भरली की कोणते औषध योग्य ते ती डॉक्टरला सुचवी, आणि रुग्णाला संदेश पाठवी. साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण, वर्षभराचा काळ. आणि तुलनेच्या गटापेक्षा ना रक्तदाबात फरक पडला, ना एचबीए१सीमध्ये. तुलनेच्या गटातल्या परिचारिकांनाही प्रशिक्षण दिलेले होते, आणि सुधारणा दोन्हीकडे झाली. हा निकाल २०१९ चा. सरकारी पैशातून टॅब्लेट खरेदी करू पाहणाऱ्या प्रत्येक खात्याने तो वाचायला हवा.

साध्या संदेशांना यश आले ते आजार होण्याच्या आधी. दक्षिण भारतातल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर, ज्यांची शुगर वाढू लागली होती पण मधुमेह अजून झाला नव्हता, दोन वर्षे झालेल्या चाचणीत आहार-व्यायामाचे एसएमएस मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. हा २०१३ मधला निकाल स्वस्तात मोठा फायदा देणाऱ्या मोजक्या प्रयोगांपैकी आहे. एकदा आजार जडला आणि गोळ्या, इन्सुलिन सुरू झाले की मात्र नुसत्या संदेशांवर भागत नाही.

बाजाराला हे कळायला वेळ लागला. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, टेलाडॉक या अमेरिकी कंपनीने घरबसल्या मधुमेह सांभाळण्याची सेवा देणारी लिव्होंगो ही कंपनी सुमारे साडेअठरा अब्ज डॉलरांना घेतली. दोन वर्षांत त्या मूल्यातला मोठा भाग टेलाडॉकला हिशेबातून वजा करावा लागला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच पीटरसन हेल्थ टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने अशा डिजिटल साधनांचा आढावा घेऊन बहुतेकांपासून नेहमीच्या उपचारांपेक्षा जाणवण्याजोगा वैद्यकीय लाभ होत नाही, उलट खर्च वाढतो, असा निष्कर्ष काढला.

सगळी साखळी ज्यावर उभी आहे तो घरातला आकडाच चुकीचा असू शकतो, याकडे टेलिमेडिसिनच्या चर्चेत फार कमी लक्ष जाते. ग्लुकोमीटरसाठीचे २०१३ चे आंतरराष्ट्रीय मानक १०० पेक्षा वरच्या शुगरला १५ टक्क्यांचा फरक चालवून घेते. मीटरवर २०० दिसले तर खरी शुगर १७५ असू शकते. त्यात हाताळणीच्या चुका मिळतात. हापूस चोखून हात नुसते फडक्याला पुसले आणि लगेच बोट टोचले तर त्वचेवरचा रस रक्तात मिसळून आकडा कितीतरी वर जातो. साबण नसला तरी चालेल, पण साध्या पाण्याने हात धुऊन कोरडे करायलाच हवेत. कोकणातल्या पावसाळी हवेत स्ट्रिपची डबी उघडी राहिली की स्ट्रिप खराब होतात. थेंब येत नाही म्हणून बोट जोराने पिळले की रक्तात पेशींभोवतीचे पाणी मिसळते. आणि आज आपल्याकडे जो प्रकार सर्रास चालतो, मीटरच्या पडद्याचा फोटो काढून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर टाकणे, त्यात आकडा दिसतो पण तो उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा हे दिसत नाही. २१० हा आकडा सकाळी चहाआधीचा असेल तर त्याचा अर्थ एक, श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर तासाभराचा असेल तर दुसराच. फोटोखाली वेळ, शेवटचे खाणे आणि घेतलेले औषध एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तर तो फोटो उपयोगी पडतो.

एचबीए१सीही निर्दोष नाही. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात तो खोटा वाढलेला येऊ शकतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा रुग्णांत घरी घेतलेले आकडे प्रयोगशाळेच्या सरासरीइतकेच, कधी त्याहून अधिक, कामाचे ठरतात.

इन्सुलिन घेणाऱ्याशी फोनवर बोलताना जोखीम वाढते. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटांचे असते आणि त्याच्या सिरिंजचे टोपण लाल. पेनमधल्या काडतुसातले इन्सुलिन १०० युनिटांचे आणि त्या मापाच्या सिरिंजचे टोपण नारिंगी. डॉक्टरने फोनवर ‘वीस युनिट’ सांगितले आणि रुग्णाने ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात जातात फक्त आठ युनिटे. उलट पेन बिघडले म्हणून काडतुसातले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत ओढले तर जातात पन्नास, आणि ते जिवावर बेतू शकते. अनुभवी डॉक्टर म्हणूनच व्हिडिओवर आधी बाटली आणि टोपण कॅमेऱ्यापुढे धरायला सांगतात, मग डोसचे बोलतात. रोज एकाच जागी टोचून पोटावर झालेली गाठ मात्र व्हिडिओवर सापडत नाही. ती बोटांनी चाचपावीच लागते.

उपासांचे दिवस ही दूरच्या सल्ल्याची सगळ्यात सोयीची जागा आहे. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र: ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेऊन दिवसभर काही खाल्ले नाही तर शुगर एकदम खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाल्ली की ती वर उसळते. उपास करू नका असा सल्ला कुणी पाळत नाही. उपासाच्या दोन दिवस आधी पाच मिनिटांचा फोन झाला, कोणती गोळी गाळायची, इन्सुलिन किती कमी करायचे, साबुदाण्याऐवजी भगर-राजगिरा किती खायचा आणि शुगर ७० च्या खाली आली तर उपास मोडून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची हे ठरले, तर ऐन उपासाच्या दिवशी धावपळ होत नाही. या पाच मिनिटांना कोणतेही महागडे साधन लागत नाही.

सलग मोजणाऱ्या सेन्सरने या क्षेत्रात खरा बदल आणला. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेली बारीक तार त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते आणि आलेख मोबाइलवर पाठवते. रक्तातल्या बदलानंतर पाच-दहा मिनिटांनी तो तिथे उमटतो. सरासरीऐवजी मग दिवसातला किती वेळ शुगर ७० ते १८० या पट्ट्यात राहिली ते पाहता येते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक रुग्णांसाठी हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असावे. फक्त दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन घेणाऱ्या प्रकार दोनच्या मधुमेहाच्या १७५ रुग्णांवर झालेल्या २०२१ च्या ‘मोबाइल’ नावाच्या चाचणीत सेन्सर लावलेल्यांचा एचबीए१सी आठ महिन्यांत ९.१ वरून ८.० वर आला. बोट टोचणाऱ्यांचा ९.० वरून ८.४ वर. प्रकार एकच्या मधुमेहाच्या रुग्णांसाठी, विशेषतः मुलांसाठी, रात्री झोपेत शुगर पडल्यावर वाजणारा गजर ही मोठीच सोय आहे. मात्र सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपले तरी दाबामुळे खोटा कमी आकडा येतो आणि गजर वाजतो. हे आकडे नातेवाइकांच्या फोनवरही पाठवता येतात. कोथरूडमधल्या आईची शुगर पहाटे तीनला ५५ झाली तर न्यू जर्सीतल्या मुलाला ते तिथल्या संध्याकाळी कळते. त्या क्षणी शेजारचे दार कोण ठोठावणार, हे आधी ठरलेले नसेल तर तो गजर फक्त मुलाचा जीव टांगणीला लावणारा ठरतो.

भारतात एका सेन्सरची किंमत साधारण चार-पाच हजार रुपये आणि आयुष्य दोन आठवडे. म्हणजे महिन्याला आठ-दहा हजार. साधी स्ट्रिपदेखील पंधरा ते पंचवीस रुपयांना पडते आणि बहुतेक विम्यांत बाह्यरुग्ण खर्च बसत नाही. म्हणून कायम सेन्सर वापरणे बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर आहे. औषध बदलताना किंवा शुगर अकारण चढ-उतार करत असताना एखाद-दुसरा सेन्सर लावून चौदा दिवसांचा आलेख पाहणे, हा मधला मार्ग अनेक डॉक्टर वापरतात आणि तो शहाणपणाचा आहे.

कायद्याची बाजू २०२० पर्यंत धूसर होती. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या प्रसूतीनंतरच्या एका मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला न पाहता फोनवरून औषधे सांगण्यावर कडक भाषेत बोट ठेवले, आणि राज्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सल्ला देण्याचा धसकाच घेतला. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे आली. फोन, व्हिडिओ आणि लेखी संदेश या तिन्ही मार्गांनी नोंदणीकृत डॉक्टरने सल्ला देण्यास त्यांनी मान्यता दिली, औषधांच्या याद्या ठरवून दिल्या, आणि प्रत्यक्ष भेटीपासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी झालेल्या बोलण्याला पाठपुरावा मानले. जुनाट आजाराच्या रुग्णाला याचा मोठा उपयोग आहे. संगणकीय बुद्धिमत्तेने रुग्णाला थेट सल्ला द्यायचा किंवा औषध लिहून द्यायचे नाही, असेही त्यांत स्पष्ट आहे. ॲपवाल्यांच्या जाहिराती पाहताना हे कलम लक्षात ठेवावे. त्याच वर्षी जूनमध्ये विमा नियामकानेही, जिथे डॉक्टरांची फी विम्यात बसते तिथे दूरसल्ल्याची फी धरावी, असे कंपन्यांना कळवले.

सरकारची ई-संजीवनी ही सेवा सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली, एप्रिल २०२० मध्ये रुग्णाला थेट घरून बोलण्याची सोय आली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. बहुतेक सल्ले घरून नव्हे, उपकेंद्रातून होतात: समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो, डॉक्टर पडद्यावर असतो. सर्दी-तापाला हे पुरते. मधुमेहाला अडचण अशी की दर वेळी ड्युटीवर असेल तो डॉक्टर भेटतो. मागच्या खेपेला डोस का वाढवला होता हे त्याला माहीत नसते, आणि म्हणून तो डोसला हात लावायला कचरतो. वरच्या सगळ्या चाचण्यांचा सूर पाहता, एका गावातल्या मधुमेहींना तोच डॉक्टर आणि तीच परिचारिका मिळण्याची व्यवस्था झाली तर याच यंत्रणेतून आजच्या कित्येक पट काम होईल. आशा कार्यकर्ती घरोघरी तीस वर्षांवरील लोकांची माहिती आधीच भरते. तिच्या हातात ग्लुकोमीटर आणि पुरेशा स्ट्रिप असणे, आणि तिने पाठवलेल्या आकड्याला आठवड्याच्या आत उत्तर मिळणे, हे नव्या ॲपपेक्षा अधिक गरजेचे आहे.

मागे कोण राहतात तेही पाहायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच आढळला. घरातला फोन मुलाच्या खिशात असेल तर आईची शुगर तिला सांगावीशी वाटेल त्या वेळी सांगता येत नाही, आणि लघवीची किंवा योनिमार्गाची तक्रार तर मुलासमोर ती काढणारच नाही. बऱ्याच ॲपांना ज्वारीची भाकरी माहीतच नसते. असली तरी सोलापूरची आणि कोल्हापूरची भाकरी एकाच वजनाची धरतात. शिवाय फुकट ॲपवर भरलेली माहिती कुठे जाते हा प्रश्न आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची अट घातली, पण इंग्रजीतल्या लांबलचक मजकुराखाली ‘मान्य’ वर बोट ठेवणाऱ्या सत्तरीतल्या माणसाची संमती किती खरी, हे सांगायला नको.

काही तपासण्या घरून होतच नाहीत. डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र, लघवीतली प्रथिने, दातांची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी यांसाठी वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष जावे लागते. पायांच्या बाबतीत घरी करण्याजोगी एक गोष्ट मात्र चाचणीत टिकली आहे. जखम होण्याचा धोका असलेल्या २२५ रुग्णांवरच्या २००७ मधल्या अमेरिकी अभ्यासात, दोन्ही तळपायांचे तापमान रोज मोजून समोरासमोरच्या जागांत सुमारे सव्वादोन अंश सेल्सियसचा फरक आला की चालणे कमी करून परिचारिकेला फोन करणाऱ्यांपैकी ४.७ टक्क्यांना जखम झाली. न मोजणाऱ्यांपैकी १२.२ टक्क्यांना. असा मापक नसेल तर रोज रात्री तळपाय आरशात पाहणे आणि लाली, फोड किंवा भेग दिसली तर त्याच दिवशी फोटो पाठवणे एवढे तरी करता येते.

आणि काही प्रसंगी फोनवरच्या सल्ल्यात वेळ घालवणेच धोक्याचे असते. शुगर वाढलेली असताना उलट्या आणि जोरजोरात श्वास, शुद्ध हरपणे, साखर देऊनही पंधरा-वीस मिनिटांत न सावरणारी पडलेली शुगर, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत न दुखताही दरदरून घाम फुटणे, काळे पडलेले बोट किंवा तापासह सुजलेला पाय: यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना आकडा कळवत बसू नये, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.